पाव किलो रिठे

मार्चमध्ये ओव्हरटाइम बंद झाला
आणि हेमराज वाडीच्या गोडाऊनातून
उजेड असतानाच घरी येऊ लागला.
दिवसभर टेम्पोत चढवतो तो
शाम्पूच्या पुड्या, साबण, गोरं करणारं मलम.
खोक्यांवर लिहिलेलं असतं, हळू हाताळा.
त्याच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा.

मी दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढली,
कोऱ्या पानावर लिहिलं, न्हाणीघर.
खाली तिथल्या फळीवर जे जे उभं आहे ते,
समोर किंमत.
बेरीज आली सुगतच्या शिकवणीच्या फीएवढी.
पुन्हा केली. तेवढीच.

इतवारीतला म्हातारा किराणावाला म्हणाला,
'पाव किलो काऊन, अर्धा घ्या ना बाई,
वर्षभर कीड लागत नाही याले.'
मी पावच घेतले.
रिठे, शिकेकाई, मुलतानी माती, तुरटीचा खडा.
जवस घरात होतेच, चटणीसाठी आणलेले.
संत्र्याच्या साली तर फुकट.
मेडिकल चौकातल्या ज्यूसवाल्यापुढे पिशवी धरली,
त्यानं विचारलं, 'गाय पाळली काय ताई?'
म्हटलं, 'तीन आहेत.'

गच्चीवर जुन्या साडीवर साली पसरल्या.
एप्रिलच्या उन्हाला आमच्याकडे
काही सांगावं लागत नाही.
दोन दिवसांत हातात घेताच वाजू लागल्या.

पहिला आठवडा वाईट गेला.
सुगतच्या डोळ्यात रिठ्याचं पाणी गेलं,
तो मोरीतूनच ओरडला, 'मिरची टाकली काय व आई?'
बेसनानं मोरी तुंबली,
ती काढायला आलेल्यानं दीडशे रुपये घेतले,
तेही मी वहीत लिहिले.
जवसाचा चीक लावून श्रावस्ती शाळेत गेली,
कोणीतरी म्हणालं, डोक्यात अंडं फुटलं वाटते.
तिनं दप्तर दिवाणावर आपटलं.
'पैसे नाहीत म्हणून सांग ना सरळ.
नैसर्गिक नैसर्गिक काय करून राहिली?'

मला उत्तर आलं नाही.
दोन्ही खरं होतं,
आणि कुठलं आधी आलं
ते वहीत लिहिलेलंच होतं.

त्याच आठवड्यात हेमराजनं एक ट्यूब आणली.
खोकं चेपलेलं, कंपनी परत घेत नाही,
मुकादमानं वाटून टाकलं.
टेबलावर ठेवून तो पाणी प्यायला गेला.
फुकट.
यापुढे माझी वही काय बोलणार?
श्रावस्तीनं ती उजेडात धरली, मागची बारीक अक्षरं वाचली,
पुढची मोठीही. सात दिवसांत, म्हणे.
मग बापाकडे वळून म्हणाली,
'बाबा, तुम्ही अकरा वर्षं हे उचलून राहिले,
हात काऊन नाही झाले गोरे?'

त्यानं ग्लास खाली ठेवला.
दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले,
खरंच तपासल्यासारखे,
आणि असा हसला
की शेजारच्या नंदेश्वरबाई खिडकीशी आल्या.

ट्यूब अजून आहे.
दप्तराची अडकलेली चेन तिनं छान सरकते.

पेस्ट मात्र ठेवली आम्ही.
कोळशाच्या मंजनानं सुगतच्या हिरडीतून रक्त आलं,
डेंटल कॉलेजातल्या पोरीनं मलाच दटावलं.
हेमराजचा दाढीचा साबणही आहे,
तुरटी फक्त नंतर.
श्रावस्ती आठवड्यातून एकदा रिठ्यानं न्हाते,
एकदा पुडीनं, मी विचारत नाही.

कूलरला नवी ताटी बसवली तेव्हा कापून उरलेला वाळा
मी माठाजवळ भिजत घातला.
रात्री लाइट गेली की
त्या पाण्यात माती कालवून
हेमराजच्या मानेवर थापते.
तो डोळे मिटतो, काही बोलत नाही,
मातीला हळूहळू भेगा पडतात.

सकाळी गोडाऊनात पोरं त्याच्याजवळ येऊन वास घेतात,
विचारतात, 'भाऊ, हा कोणता माल? आपल्याकडं आला नाही अजून.'
तो म्हणतो, येईल.