'कारणे' या रकान्यात

सत्र संपलं. विभागप्रमुख म्हणून अहवाल मीच लिहायचा,
मोखोत्लोंगच्या थंडीत, हीटरला पाठ लावून.
पाठ भाजते, बोटं गारठतात,
पेन दर चार ओळींनी मुकं होतं.
काखेत धरते थोडा वेळ, मग पुढची ओळ.

इंग्रजी विभाग. उद्दिष्ट पहिलं: उत्तीर्ण साठ टक्के.
झाले सत्तेचाळीस.
शेजारी 'कारणे' हा रकाना, दोन बोटं रुंद.
न्त्सेखे सर म्हणाले, लिहा, पुस्तकं कमी.
खरंच आहे. त्रेसष्ट मुलं, एक्केचाळीस प्रती,
त्यातल्या सहांना शेवटचं पानच नाही,
म्हणून निम्म्या वर्गात नायिका घरी पोचते
आणि उरलेल्यांत अजून नदीच्या मधोमध उभी.
तपासताना दोघींनाही गुण दिले.

लिएपोलो मॅडम म्हणाल्या, बर्फ लिहा.
तेही खरं. खिंड अकरा दिवस बंद,
मासेरूहून निघालेल्या प्रश्नपत्रिका
वाटेत एका ट्रकमध्ये
मेंढ्यांच्या औषधांशेजारी झोपून राहिल्या.

आणि गळती?
सेखोबे, नववी ब.
जानेवारीत पहिल्या बाकावर, फेब्रुवारीत मागच्या,
मार्चपासून फक्त हजेरीपटावर.
आजोबा गेले, आणि एकशे बारा मेंढ्यांना
घरात तोच एक उरला.
शाळेची प्रत घेऊनच वर गेला, डोंगरातल्या गोठ्यावर.
आम्ही नोंद केली: पुस्तक गहाळ, एक. विद्यार्थी गळती, एक.
याच क्रमाने.

मेच्या अखेरीस कळप खाली उतरले
त्या आठवड्यात पुस्तक फाटकाशी ठेवलेलं सापडलं.
पानांना लोकरीचा मेणचटपणा, शेणाच्या धुराचा वास,
चव्वेचाळिसाव्या पानावर मगाचं वर्तुळ,
आणि समासात पेन्सिलीने, मीच गिरवून घेतलेल्या वळणात:

मॅडम, 'वुड हॅव' हा कोणता काळ?
भूतकाळ म्हणावा तर ते घडलेलं नाही.
भविष्यकाळ म्हणावा तर आता घडणार नाही.
मग हे क्रियापद ठेवायचं कुठे?

बैठकीत ते पान फिरवलं.
न्त्सेखे सरांनी चष्मा काढला. तीस वर्षं शिकवतोय, म्हणाले,
सोपं आहे, एक जर, एक तर.
उदाहरणार्थ, माझा भाऊ वेल्कॉमच्या खाणीतून
परत आला असता तर.
पुढचं बोललेच नाहीत.
चहा आला. कुणी साखर विचारली नाही.

पुढील सत्राची उद्दिष्टे.
उत्तीर्ण पंचावन्न टक्के, साठ लिहायचा धीर होत नाही.
शब्दार्थांची चाचणी दर पंधरवड्याला.
सहा प्रतींची शेवटची पानं हाताने उतरवून चिकटवणे:
लिएपोलो मॅडम, कारण त्यांचं अक्षर वाचता येतं.
(त्यांनी विचारलं, नदीतच ठेवली तर नाही का चालणार?
नाही चालणार, बोर्डाची परीक्षा आहे.)
रविवारी, मेंढ्या कोंडल्यानंतर, दोन तास जादा वर्ग.
कुणासाठी, ते लिहिलं नाही. तसा रकाना नाही.
रॉकेल माझ्या पगारातून, हेही लिहिलं नाही.

शेवटचा रकाना: यशाचं मोजमाप.
निरीक्षक इथेच बोट ठेवतात दरवर्षी,
मोजता येईल असं काही लिहा, बाई.
पेन पुन्हा गोठलंय. काखेत धरून बसलेय.
अंधार पडतोय, आणि खाली दरीत
कुणीतरी मेंढ्या आत घेताना मोजतंय,
मोठ्याने, इंग्रजीत.
एकोणऐंशीपाशी अडतंय.
शिवी सेसोथोत,
आणि पुन्हा एकपासून.