तीन पायांचं रेनडिअर

वर्नाने भरलेले पाच चौकोन
ती गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात सापडले.
लाल दोऱ्यात कंदील, बूट, चर्च, दोन चिमण्या
आणि तीन पायांचं रेनडिअर.
चौथा पाय पेन्सिलीतच राहून गेला.

आर्डिस टेबल मोजते. मधली फळी
नवऱ्यामागे काढली, ती जिन्याखाली आहे.
पाच चौकोन, मध्ये हिरव्या पट्ट्या:
बरोब्बर बसतात.

बाहेर नॉर्थ डकोटा, उणे बावीस.
नाताळला सहा दिवस.
अस्तर, कापूस, वरचं कापड,
तिन्ही थर टाचण्यांनी धरलेले,
एक टाचणी ओठांत.
फोन वाजतो. वाजू दे.

शिवण चालते कडेकडेने.
रिंगचा वळ अजून आहे चर्चभोवती,
इस्त्रीने जात नाही. जाऊ नये.

पाय भरावा का? लाल रीळ आहे घरात,
पण तो लाल वेगळा.
आर्डिस पेन्सिलीवरूनच टीप मारते, पांढरी;
उजेड तिरपा पडला तरच दिसेल.

मग उठते, जिन्याखालून फळी ओढते,
धूळ पुसते, बसवते.
पट्टी आखूड पडली दोन्हीकडून वीतभर.

पडू दे. शेजारच्या टोर्वाल्डला
कोपरं टेकायला जागा लागतेच.
फोन त्याचाच असणार.