अंदाजे

स्कोअरशीटच्या तळाशी, पंचांच्या सहीच्या जरा वर,
एक छोटा रकाना असतो: प्रेक्षकसंख्या.
सत्तावीस वर्षं मी टेबलावर बसते
आणि सत्तावीस वर्षं तो मीच भरते,
निळ्या पेनाने, खाली दोन कार्बन.

पूर्वी लिहायचे, अंदाजे बाराशे.
अंदाजे, कारण मोजायला सुरुवात कुठून करणार?
कंपाउंडच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली पोरं,
कॅन्टीनच्या पत्र्यावर चढलेली,
आणि त्यांना उतरवायला आलेला तुळसकर शिपाई,
जो काठी आपटता आपटता मॅचच बघत राहायचा.
समोर नर्सेस हॉस्टेलच्या गॅलऱ्या,
रात्रपाळीआधी ओले केस पुसत उभ्या.
त्या एका खांबामागे दोन धरायच्या की पाच?
माझगावचा ब्यास्त्यांव ट्रम्पेट घेऊन यायचा,
कुठल्याच कॉलेजचा नव्हता,
जो संघ हरत असेल त्याच्यासाठी वाजवायचा.
त्याला एकट्याला मी पन्नास धरायची.

शिट्टी ऐकूच यायची नाही.
पंचांचे हात वाचायचे:
एक मूठ, चार बोटं,
चौदा नंबर, फाउल.

आज मुलींची फायनल.
कोर्ट आता निळं आहे, ॲक्रिलिकचं,
आमच्या सिमेंटसारखे गुडघे सोलत नाही.
भाड्याच्या दोनशे खुर्च्या आल्यात.
दहा-दहाच्या चळती, दोऱ्या बांधलेल्या तशाच;
पुढच्या दोन तेवढ्या कुणीतरी सोडवल्या.
स्टँडवर एक मोबाइल उभा केलाय,
त्याच्या कोपऱ्यात लिहिलंय, सात जण बघताहेत.
त्यातली एक चौदा नंबरची आई, दापोलीहून.
तिला कुठल्या रांगेत धरू?

शेवटचे नऊ सेकंद. दोन गुणांनी मागे.
निखत मुकादम रेषेवर उभी, दोन फ्री थ्रो.

गोंगाटात फ्री थ्रो सोपा असतो,
हे न खेळलेल्या माणसाला पटत नाही.
अंगावर ओरडणारी भिंत असली
की चेंडू आणि तुम्ही एका बाजूला होता.
आज कॅन्टीनचा मिक्सर ऐकू येत होता,
झेंड्याच्या खांबाला दोरी आपटत होती, टक्, टक्,
आणि तिचा श्वास. तो मला टेबलापर्यंत ऐकू आला.
ऐकू यायला नको होता.

पहिला पडला.
दुसरा कडीवर दोनदा नाचला आणि बाहेर.

एका गुणाने हरलो. हरले म्हणायला हवं,
टेबलाला संघ नसतो.

पण पूर्वी चुकलेला चेंडू बाराशे जण वाटून घ्यायचे.
'अरेरे' म्हणून जो तो आपला तुकडा घेऊन
भायखळ्याला, आग्रीपाड्याला, डॉकयार्डला निघून जायचा,
नाक्यावर चहाबरोबर संपवायचा.
आता तो अख्खा तिला एकटीला घरी न्यायचा आहे,
बॅगेत, ओल्या जर्सीखाली.

माझा मुलगा ह्याच कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर होता,
कसलेसे अर्ज भरत.
खिडकी उघडीच होती, आई,
काही आवाज येईना, वाटलं मॅच रद्द झाली.
मी त्याला काही बोलले नाही.
इतर सगळे क्लासचं सांगतात, क्रिकेटचं सांगतात,
हाच एक खरं बोलला असं मला वाटतं.

आता रकाना.
एकोणीस. वॉचमन धरून वीस.
पाहुण्या संघाचा ड्रायव्हर, बसमध्ये झोपलेला,
पण शेवटच्या मिनिटाला उठून काच खाली केली त्याने,
मी बघितलं.
दापोली.
नर्सेस हॉस्टेलला आता जाळ्या बसवल्यात,
एका जाळीमागे टॉवेल हलला, किंवा नुसता टॉवेलच.

पेन टेकवलं. लिहिलं: अंदाजे.
पुढचा आकडा सुचेना.
तिकडे तुळसकरचा जावई
एकेक दिवा बंद करत टेबलाकडे येतोय,
आणि विचारतोय, मॅडम, झालं का?