निजायचे जोडे

म्झुझूच्या बाजारात टायरवाल्यांच्या रांगेत शेवटी
माझं खोकं. वर पत्रा, पत्र्यावर दगड.
एकोणीस वर्षं लोक येतात ते चालण्यासाठी:
शाळेचे बूट, लग्नाचे,
दक्षिणेत खाणीला निघालेल्यांचे.
न चालण्यासाठी जोडे मागायला आला
तो कुमवेंदाच पहिला, इस्पितळातला प्लास्टरवाला,
नखांत पांढरं घेऊन.

त्यानं कागद ठेवला. कागदावर पेन्सिलीनं पाऊल,
माझ्या मधल्या बोटाएवढं.
"दोन बूट, मध्ये लोखंडी पट्टी. चवडे बाहेर, बदकासारखे.
आधी तीन महिने दिवसरात्र,
मग फक्त निजताना. चार वर्षं."
मी हसलो.
मग त्याच्यामागे उभी बाई दिसली.

न्यागोंद्वे. पाठीवर चितेंजेत बांधलेला मासोझी.
मासोझी म्हणजे आसवं.
आमच्याकडे नाव त्या दिवसाचं ठेवतात, पोराचं नाही.
सहा मंगळवार ती रबराच्या मळ्यांपलीकडून आली.
आदल्या रात्री टोपात पाय भिजवायचा,
प्लास्टर सोलायचं कसाव्याच्या सालीसारखं,
की सकाळी कुमवेंदा ते पाऊल हातात घेणार
आणि जरासं, अगदी जरासं, बाहेर वळवणार.
"मी दाबत नाही," तो म्हणतो, "विनवतो."
शेवटी टाचेमागची ताठ दोरी कापली,
तांदळाएवढ्या छेदातून.

"वाकडा एकच होता," बाई म्हणाली,
"चांगल्या पायाला कसली शिक्षा?"
मला काय ठाऊक.
जू एका बैलावर बसत नाही, म्हटलं.

माझी बहीण सुझगो. सुझगो म्हणजे त्रास.
ती पावलाच्या पाठीवर चालायची.
तळवा मागे वळलेला, आभाळाकडे,
तान्ह्याचा असतो तसा मऊ राहिला मरेपर्यंत;
आणि जिथे तुमच्या-माझ्या शिरा दिसतात
तिथे तिला घट्टा, आंब्याच्या कोयीएवढा.
मी जोडे शिकलो ते तिच्यासाठी.
सात केले. एकही बसला नाही.
सातव्यात ती मीठ ठेवायची.

मासोझीचे बूट बकरीच्या कातड्याचे,
आत टाका लागू नये म्हणून उलटे शिवलेले.
टाचेपाशी भोक, आईला बोट घालून बघायला
टाच खाली टेकली का.
आठवड्यात ती परत आली. पोर रात्रभर रडतं,
नवऱ्यानं जोड छपरावर फेकला,
तिनं शिडी लावून काढला.
"सोडू का हे?"
मी फळीवरून मिठाचा बूट काढला, तिच्या हातात दिला.
तो कुणाचा, तिनं विचारलं नाही.
थोडा वेळ धरून उभी राहिली, मग गेली.

चार वर्षांत पाच जोड.
एकाचाही तळ झिजला नाही,
आणि गिऱ्हाईक तक्रार न करता मोठं होत गेलं.
माझ्या धंद्यात असं होत नाही.

परवा आली ती साध्या चपला घेऊन, बाजारातल्या, निळ्या.
तळ गेलाय म्हणाली, किती घेशील.
मी चपला पालथ्या केल्या.
टाच झिजली होती. दोन्हींची.
बाहेरच्या कडेला किंचित जास्त, जशी सगळ्यांची झिजते.
मी पुन्हा बघितलं.
"एवढं काय बघतोस? पैसे सांग."
मी भलतेच सांगितले, तिनं निम्मे केले,
तोवर मासोझी अनवाणीच
मासळीवालीच्या मांजरामागे.

नवे तळ लावले.
जुने ठेवून घेतले, फळीवर,
मिठाच्या बुटाशेजारी.