सुई डाव्या हाताला

रात्रपाळी माझी. फिमेल सर्जिकल, खाट चौदा.
यमुना गांगुर्डे, वय एकोणचाळीस, राहणार मोहाडी,
द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसला कामाला.
केसपेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल पेनाने लिहिलेलं:
मुकी आहे. दिराला विचारा.

टॅबलेट त्याच आठवड्यात आला होता.
स्टँड नव्हता, म्हणून सलाईनच्या दांडीला
मी तो चार इंची बँडेजने बांधला,
मोडलेला हात बांधतात तसा.
पडद्यावर सांगलीहून शाहीन मुजावर आल्या.
मागे पांढरी भिंत, अंगात काळा कुडता,
हात तेवढे उठून दिसावेत म्हणून.

डॉक्टर म्हणाले, विचारा, दुखतं कुठं.
यमुनाने डावा हात हलवला, थांबली, परत हलवला.
शाहीनबाई काचेला नाक लागेल इतक्या पुढे आल्या.
'सिस्टर, ही पुटपुटतेय.
हिच्या उजव्या हाताला काय झालंय?'

उजव्या हाताला मी झाले होते.
संध्याकाळी शीर सापडेना, मनगटापाशी बरी मिळाली.
सुई, चिकटपट्टी, खाली पुठ्ठ्याची फळी,
वर बोट नाचवून बजावलं: हलवायचा नाही.
तोंडात बोळा कोंबला होता मी तिच्या
आणि तक्त्यावर वेळ लिहिली होती, सहा चाळीस.

सुई डावीकडे घेतली, कोपराखाली,
दोन्ही पंजे मोकळे राहतील अशी. दोनदा चुकले.
मग ती बोलायला लागली
आणि शाहीनबाई मराठीतून तिच्यामागे धावत सुटल्या:
'तीन दिवस तुम्ही दिराशी बोलताय.
बोलताना माझ्या पोटाकडे बघताय.
काल त्याने कागदावर सही केली. मला सही येते.
माझं काय काढणार आहात?'

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
'पिशवी काढायचीय. सांगा तिला.'
'कुठली पिशवी?'
'अहो, पिशवी. बायकांना कळतं ते.'
'हातांना नाही कळत, डॉक्टर.
हातात पिशवी म्हणजे भाजीची. नीट नाव घ्या.'

सतरा वर्षांत या वॉर्डात ते नाव कुणी नीट घेतलं नव्हतं.
डॉक्टरांनी घेतलं. कान तांबडे झाले.
शाहीनबाईंचे हात ओटीपोटापाशी आले
आणि तिथेच थिजले.

रेंज गेली.
दोन अर्धवट हात, मधोमध फिरणारं एक चाक.
मी टॅबलेटला चापट मारली, जुन्या टीव्हीला मारावी तशी.

रेंज येते त्र्यंबक रोडच्या अंगाच्या खिडकीत.
दांडी ढकलत निघालो: मी, बाटली, बांधलेल्या शाहीनबाई,
गाऊनची मागची नाडी धरून यमुना,
आणि सगळ्यांमागून डॉक्टर.
चाक इतकं करकरलं की वॉर्ड उठून बसला.
तिला तेवढं माहीत नव्हतं.

खिडकीत वाक्य पुरं झालं.
बाहेर एक एसटी वळली, दिवे तिच्या तोंडावरून गेले.
हात कठड्यावर. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

माझी आई सुरगाण्याकडची, डांगी बोलायची.
याच इमारतीत कुणी तिला विचारलं होतं, मराठी येतं का,
आणि आठ वर्षांची मी मध्येच म्हणाले होते,
मला विचारा.
तिचं काय काय मी गाळलं, अजून आठवत बसते.

'नाही काढली तर?' यमुनाने विचारलं.
डॉक्टर बाकावर बसले. नीट बसले. सांगत राहिले.
तिने परत विचारलं. परत सांगितलं.
पावणेतीनला ती म्हणाली, उद्या सांगते.

फोन ठेवताना शाहीनबाई हसल्या:
'सिस्टर, तिने तुम्हाला नाव ठेवलंय.'
उजव्या मनगटावर दोन बोटं, दाबून.
दोन्ही अर्थांनी ठेवलं असणार.

सकाळी दीर आला, किटलीत चहा घेऊन.
सहीचं विचारत होता. मी पाळी सोपवत होते.
वहीत लिहिलं: खाट चौदा. ताप नाही.
उजव्या हाताला सुई लावू नये.
पेशंट त्या हाताने बोलते.