खोडरबर

आमच्या मंडळीच्या कपाटात पुस्तकं एकतीस.
त्यातला एक संदर्भकोश, उशाएवढा जाड,
त्याला कुणी हात लावत नाही. वाळवीनंही नाही.

बाकीची फिरतात.
डोंग्यातून सरोवराच्या कडेकडेनं वस्त्यांवर जातात
सुक्या उसिपाच्या टोपलीवर बसून,
आणि परत येतात तेव्हा
संदेष्ट्यांनाही माशांचा वास येत असतो.
पाळक म्हणतात, चालायचंच,
पहिले शिष्य तरी कोण होते?

निळ्या पुठ्ठ्याचं एक आहे, शास्त्राभ्यासाचं.
बारा धडे. धड्याखाली प्रश्न,
प्रश्नाखाली रिकामी ओळ.
आगबोटीनं दहा प्रती यायच्या होत्या, एक आली.
नऊ कुठल्या धक्क्यावर उतरल्या, देव जाणे.
म्हणून मी नियम केला:
पेन्सिलीनं लिहा, परत देण्याआधी खोडा.
खोडरबर दोऱ्यानं पुस्तकालाच बांधलं.

लोक नीट खोडत नाहीत. मग मी खोडते.
अकरा वर्षं.
वाचायचं नाही असं बजावते स्वतःला,
पण हात पुसत असतो तोवर डोळ्यांनी काय करावं?

चिम्वेम्वेनं पहिल्या धड्यात लिहिलं होतं:
मला प्रश्न कळला नाही.
पुढल्या खेपेला: प्रश्न कळला, उत्तर कळलं नाही.
तिसऱ्या खेपेला ओळ कोरीच होती,
पण त्या आठवड्यात त्यानं भावाची जाळी परत केली.

सातवा धडा मात्र जड.
ज्याला क्षमा करायची राहिली, त्याचं नाव लिही.
एवढंच. ओळही आखूड, एका नावापुरती.
सगळ्यांनी लिहिलं तिथे, सगळ्यांनी खोडलं,
कुणी इतकं दाबून लिहिलं
की शिसं गेलं आणि चर राहिला.

त्या रात्री वीज नव्हती.
कंदील खाली ठेवला होता, पान तिरपं धरलं,
आणि चर सावलीनं भरले.
तावोंगा.
आमच्या भाषेत अर्थ: आम्ही आभारी आहोत.
हे माझं नाव.

'ग'ची ती लांब शेपटी मला ओळखता येते,
मीच गिरवून घेतली होती न्यागोंद्वेकडून,
प्रौढवर्गात, मोठेपणी, आंब्याखाली.

तिचा मुलगा गेला त्या आठवड्यात
मी म्झुझूला होते, तीन दिवसांच्या शिबिराला.
विषय: सुवार्ता घरोघरी कशी न्यावी.
प्रमाणपत्र मिळालं. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.
परत आले तेव्हा माती वाळली होती.
मग उद्या जाऊ, परवा जाऊ,
आणि मग इतका उशीर झाला
की जाणं हाच अपमान वाटला असता.

तिचं घर माझ्यापासून सत्तर पावलं.

सकाळी टोपलीभर कसावाचं पीठ घेतलं.
पुस्तक नाही घेतलं, एकही.
ती फळीवर मासे पसरत होती.
बघितलं, काही बोलली नाही,
चटईवर थोडी सरकली.
मीही मासे पसरू लागले,
डोकी एका बाजूला, जसे ती लावते तसे.
दुपारी तिनं विचारलं,
"त्याचं नाव आठवतं तुला?"
मी सांगितलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

ही गोष्ट इथे संपली असं मी म्हणणार नाही.
ती अजून मंडळीत शेवटच्या बाकावर बसते,
मी पहिल्या.

यंदा नव्या प्रती आल्या, दहाच्या दहा, कडक, करकरीत,
तरी लोक जुनीच मागतात.
देताना सांगावं लागतं: सातव्या धड्यात भोक आहे,
खोडून खोडून पडलं.
तिथून मागच्या पानावरचा एकच शब्द दिसतो,
आमच्या लिपीत दोनच अक्षरं:
आणि.