लोकरीचे दोरे

काकती मागे पडली, रस्ता मोकळा झाला
की सुरू व्हायचं ते.
साठला गुणगुण, सत्तरला थरथर,
ऐंशीला कुणीतरी हेल्मेटवर
ओल्या पोत्यानं बडवतंय
असं.

अच्युत पुढे, मी मागे.
त्याच्यापुढे काच,
माझ्यापुढे त्याची पाठ,
आणि दोन्हींवरून फुटून आलेला वारा
थेट माझ्या कपाळावर.
संकेश्वरला चहाला उतरलो
की कप दोन्ही हातांनी धरायचा.
मान अजून हलतीय असं वाटायचं.

"काच बुटकी आहे," अच्युत म्हणाला.
चार बोटं उंच काच आली.
मग तिच्याहून उंच, पुण्याहून मागवलेली,
धुरकट, आणि एवढी रुंद
की गल्लीतली पोरं विचारायची,
"काका, रिक्षा घेतलासा काय?"
त्याला पुढे आता बरं वाटायचं.
हेल्मेटमध्ये तो शीळ घालायचा.
मला ऐकू यायची नाही,
खांदे हलताना दिसायचे.

माझ्याकडचा वारा वाढला होता.
सांगितलं मी. एकदा वंटमुरीच्या घाटात,
एकदा हत्तरगीला, टोलच्या रांगेत.
"वय झालं आपलं," तो म्हणाला.
आपलं.
मी कानात कापूस घातला.

मग एका रविवारी, तवंदी घाट उतरल्यावर,
उसाच्या ट्रॅक्टरमागे थांबलो असताना
म्हटलं, "उतर. मागे बस तू."
कडोलीत वडिलांच्या राजदूतवर शिकले होते मी,
पाय पुरत नव्हते तेव्हापासून.
निपाणीपर्यंत नेलं त्याला.
ऐंशीनं.
तंबाखूचा वास यायला लागला तसा
पाठीवर त्याच्या हेल्मेटचा ठोका,
परत ठोका.
उतरल्यावर बराच वेळ तो
हेल्मेटचा पट्टाच सोडवत बसला.
म्हणाला, "रोज असं?"

त्या रात्री स्वेटरची उरलेली लोकर काढली,
पिस्ता रंगाची.
वीतभर दोरे कापले, चिकटपट्टीनं लावले
काचेच्या कडेला, आरशांना,
त्याच्या दोन्ही खांद्यांवर.
सकाळी हायवेवर मी मागून बघत राहिले.
खालचे दोरे शहाण्यासारखे आडवे.
वरचे मात्र काच ओलांडून
मागे वळत होते,
उलटे, त्याच्याच छातीकडे,
काहीतरी हरवल्यासारखे
आत हुडकत.

उद्यमबागेत फकीरप्पानं
गाडीभोवती दोन चकरा मारल्या.
काचेमागे हात घालून बघितला.
"गाळी केळगिंद बरली बिडरी."
अच्युत माझ्याकडे बघायला लागला.
म्हटलं, वारा खालून येऊ दे म्हणतोय.
आत पोकळी केलायसा तुम्ही,
ती भरायला वारा वरनं उडी टाकतोय,
आणि पडतोय वहिनींच्या डोक्यावर,
हे फकीरप्पानं मराठीत सांगितलं,
हाताच्या ओंजळीनं दाखवलं.

साडेसहा हजारांची काच.
करवत लागली तेव्हा अच्युत
बाहेर जाऊन उभा राहिला.
तीन बोटं कमी केली वरून,
कड कानशीनं घासली,
लेथवर चार बुशा काढून
काच पुढे सरकवली,
खाली दोन भाकऱ्यांच्या जाडीएवढी फट.
झालं. दीडशे रुपये, आणि चहा आमच्याकडून.

आता वारा लागतो.
त्यालाही लागतो, छातीवर,
शर्टाची बटणं वाजतात.
मलाही लागतो, पण अख्खा लागतो,
तुकडे तुकडे होऊन नाही.
यमकनमर्डीच्या फाट्याला गाडी पन्नासवर आली
आणि पहिल्यांदाच ऐकू आली
त्याची शीळ.

इतकी बेसूर.
तेवीस वर्षं झाली लग्नाला.

सगळे दोरे काढले. एक ठेवलाय
डाव्या आरशाच्या देठाला.
आडवा पडून असतो.
कधी फडफडला
तर मी त्याच्या खांद्यावर दोनदा टिचकी मारते,
आणि तो, न विचारता,
सत्तरवर येतो.